घरच्या मंडळींसोबत डंजन्स अँड ड्रॅगन्स: सुरुवात कशी करावी?

निळी शाई (प्रश्न)

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत माझा भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुले आमच्याकडे नाशिकला राहायला येणार आहेत. भाचा 14 वर्षांचा आहे आणि भाची 11 वर्षांची. दोघांनी यूट्यूबवर डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेत खेळायचा गोष्टीचा खेळ, खेळणारी मंडळी पाहिली आहेत आणि यंदा आत्यानेच डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी, व्हायचे, असे मला फोनवर बजावून ठेवले आहे. मी हा खेळ कधी खेळलेले नाही. पण होकार मनापासून दिला आहे, म्हणून तयारीला आताच लागते आहे.

या खेळाची मुख्य पुस्तके तीन आहेत, प्रत्येक तीनशेहून अधिक पानांचे आहे आणि किंमतही बरीच आहे, एवढे समजले. ती घेतल्यावाचून सुरुवात होऊ शकते का? नियम किती पाठ असावे लागतात? वहिनींना इंग्रजी वाचणे सोयीचे वाटत नाही, तर सगळा खेळ मराठीतून चालवता येईल का? आणि सर्वांत मोठी शंका ही, की गोष्ट मीच रचायची असेल तर खेळणाऱ्यांच्या वाट्याला काय उरते?

वीसपैलू

तुमच्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती सुटली की बाकीच्यांचे ओझे पुष्कळ कमी होते. गोष्ट तुम्ही रचायची नसते. तुम्ही एक ठिकाण, तिथली माणसे आणि तिथली अडचण समोर मांडता. त्या अडचणीचे काय करायचे हे खेळणारे ठरवतात, आणि त्यांनी जे ठरवले त्याचा परिणाम काय झाला हे पुन्हा तुम्ही सांगता. पूल तुटलेला आहे हे तुम्ही सांगायचे. दोर टाकून पलीकडे जायचे, नदी उतरायची की परत फिरून गावातल्या सुताराला गाठायचे, हे त्यांनी सांगायचे. तुम्हाला सुतार आठवलाही नसेल, तरी गाव आहे म्हणजे सुतार असणारच, एवढ्या आधारावर तुम्ही त्याला तिथल्या तिथे उभा करता.

या खेळाचा उगम पाहिला की कामाची ही वाटणी अशी का आहे ते कळते. 1969 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी ब्राउनस्टाइन नावाचा एक युद्धखेळ चालवला. त्यात खेळाडूंना एकेका माणसाची भूमिका दिली होती, आणि नियमांत कुठेच नसलेल्या गोष्टी ते करू लागले तेव्हा त्यांचा निवाडा पंच म्हणून वेस्लींना जागच्या जागी करावा लागला. त्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन यांनी पुढे ब्लॅकमूर या काल्पनिक प्रदेशात अशाच मोहिमा चालवल्या आणि तो खेळ गॅरी गायगॅक्स यांना दाखवला. त्यातून 1974 मध्ये तीन लहान पुस्तिकांचा पहिला डंजन्स अँड ड्रॅगन्स बाहेर आला. पंचाचा निवाडा आधी होता, पुस्तकांची जाडी नंतर वाढली. म्हणून नियम पाठ नाहीत या कारणाने कोणी मागे राहू नये, असे मला कळकळीने वाटते.

पहिल्या दिवशी एकच नियम पक्का असू द्या. एखादे काम फसण्याची शक्यता असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कागदावरचा आकडा मिळवायचा आणि बेरीज तुम्ही ठरवलेल्या आकड्याला पोहोचते का ते पाहायचे. सोप्या कामाला 10, मध्यम कामाला 15 आणि अवघड कामाला 20 हे आकडे लक्षात ठेवले तर बहुतेक वेळ भागते. लढाईतही हेच घडते, फक्त समोरच्यावर वार लागणे किती अवघड आहे हे सांगणारा त्याचा आर्मर क्लास हा तो आकडा असतो. वार लागला की दुसरा फासा टाकून इजा किती झाली ते मोजायचे.

यामागचे गणित एकदा डोळ्यांखालून घातले तर निवाडा करताना हात आखडत नाही. एखाद्या पात्राचा आकडा 5 असेल आणि काम 15 चे असेल, तर फाशावर 10 किंवा अधिक पडायला हवेत, म्हणजे यशाची शक्यता 55 टक्के. परिस्थिती त्या पात्राच्या बाजूने असेल तर दोन फासे टाकून मोठा आकडा धरण्याची सोय आहे, तिला अॅडव्हान्टेज म्हणतात. तेव्हा हीच शक्यता जवळपास 80 टक्के होते. मुलांनी एखादी खरोखर चांगली युक्ती सांगितली की मोकळेपणाने अॅडव्हान्टेज द्या. विचार करून खेळण्याचे फळ लगेच मिळते हे त्यांना दिसते, आणि पुढच्या वेळी ती अधिक बारकाईने ऐकू लागतात.

पुस्तकांचे म्हणाल, तर तिन्ही आत्ता घेऊ नका. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट 5.1 या नावाने जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहेत, आणि 2024 च्या सुधारित नियमांवर आधारलेला 5.2 हा दस्तऐवजही 2025 मध्ये त्याच परवान्याखाली आला. मूळ स्रोताचा उल्लेख ठेवून त्यांचे भाषांतर करण्याची आणि ते वाटण्याची या परवान्यात मुभा आहे. म्हणजे वहिनींच्या पात्राचा कागद आणि त्यांना लागणारे दोन-चार मंत्र तुम्ही मराठीत लिहून देऊ शकता, आणि तसे जरूर करा. खेळतानाचे बोलणे तर मराठीतच होऊ द्या. हिट पॉइंट (पात्र किती इजा सोसू शकते तो आकडा), लेव्हल (पात्राची पायरी) असे शब्द मुले तशीच वापरतील आणि त्याने काही बिघडत नाही. खर्च करायचाच असेल तर स्टार्टर सेटवर करा. 2022 चा ड्रॅगन्स ऑफ स्टॉर्मरेक आयल हा संच नवख्यांसाठीच आहे. त्यात फासे, तयार पात्रे, थोडक्यात नियम आणि एक छोटी मोहीम असे सगळे येते.

पहिल्या वेळी पात्रे तयारच वापरा. पात्र घडवण्यात मौज आहे, पण मंत्रांच्या आणि कौशल्यांच्या याद्या वाचण्यात पहिली संध्याकाळ संपते आणि खेळ राहून जातो. कोणाला नियमांचा कंटाळा असेल तर त्यांना फायटर (लढवय्या) द्यावा, कारण विझर्डला (जादूगाराला) प्रत्येक पाळीला मंत्र निवडावे लागतात.

रानवाटा

वीसपैलू यांचे बहुतेक म्हणणे मला पटते, परंतु एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. पाचवी आवृत्ती नवख्या खेळाडूसाठी सोपी असेल, पण नवख्या डंजन मास्टरसाठी ती तितकी सोपी नाही. सहा गुण, प्रत्येकाचा वेगळा मॉडिफायर, कौशल्ये, मंत्रांचे स्लॉट, अॅक्शन आणि बोनस अॅक्शन, आणि समोर अकरा वर्षांची मुलगी "मग मी काय करू शकते?" असे विचारते आहे. अशा वेळी कागदावर मजकूर जितका कमी, तितके डोके वर करून माणसांकडे पाहता येते.

म्हणून योखाई गॅल यांचा केर्न हा खेळ एकदा वाचून पाहावा. तो मोफत आहे, पुस्तिका छोटी आहे आणि गुण तीनच आहेत: ताकद, चपळाई आणि मनोबल. त्यात पात्रांचे फायटर, विझर्ड असे वर्ग नाहीत. तुमच्याजवळ जे सामान आहे त्यावरून तुम्ही कोण ते ठरते, आणि सामानाला दहाच कप्पे असल्यामुळे दोर घ्यावा की मशाल, हा प्रश्न खराखुरा होतो. एखाद्या धोक्यातून वाचायचे असेल तर वीस बाजूंचा फासा टाकून आपल्या गुणाइतका किंवा त्याहून कमी आकडा आणायचा. लढाईत वार लागला की नाही हे पाहण्यासाठी फासा टाकावाच लागत नाही. वार लागतोच, फक्त किती लागला ते पाहायचे. त्यामुळे लढाई झटपट संपते, पण अंगावरही येते, आणि मुले आपोआप लढण्याआधी बोलू लागतात, लपू लागतात, वाटाघाटी करू लागतात.

भाच्याने यूट्यूबवर पाहिलेलाच खेळ हवा असा हट्ट धरला तर हा सल्ला बाजूला ठेवावा. मुलांचा उत्साह हे नियमांच्या निवडीपेक्षा मोठे भांडवल आहे. फाशांची मात्र काळजी करू नका. सात फाशांचा संच ऑनलाइन मिळतो, मोबाइलवर फासे टाकणारी अॅप आहेत, आणि काहीच नसेल तर 1 ते 20 आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या वाटीत ठेवूनही चालते, फक्त काढलेली चिठ्ठी दर वेळी परत टाकायची.

निळी शाई

दोघांचेही मनापासून आभार. भाच्याला विचारले, त्याला डंजन्स अँड ड्रॅगन्सच हवे आहे, त्यामुळे तयार पात्रे आणि मोफत नियम घेऊन त्यानेच सुरुवात करते, आणि केर्न स्वतःच्या सरावासाठी वाचते. आता दोन शंका उरल्या. छापील मोहिमेऐवजी एखादी छोटी मोहीम स्वतः बांधायची झाल्यास काय काय तयार ठेवावे? आणि भाची फार हळवी आहे. तिचे पात्र मेले तर ती पुन्हा खेळायला बसेल का, याची मला खरोखर धास्ती वाटते.

गडफेरी

मोहिमेसाठी दूर जाऊ नका. तुमच्या मुलांनी एखादा तरी किल्ला पाहिला असेलच, आणि आपले गिरिदुर्ग या खेळासाठी फार उत्तम ठिकाण आहेत, कारण ते मुळात येणाऱ्याला अडवण्यासाठी आणि आतल्याला निसटता यावे यासाठी बांधलेले आहेत. गोमुखी पद्धतीचा दरवाजा घ्या. दोन बुरुज असे वळवलेले असतात की वाट शेवटपर्यंत वळत जाते, बाहेरून दरवाजा दिसत नाही आणि त्या अरुंद वळणात शिरलेला माणूस दोन्ही बाजूंनी वरच्यांच्या माऱ्यात सापडतो. रायगडाच्या महादरवाज्यापाशी उभे राहिले की हे लगेच समजते. राजगडाच्या संजीवनी माचीवरची दुहेरी तटबंदी घ्या. दोन भिंतींमधल्या अरुंद जागेत शिरलेल्या पात्रांना पुढे काय आहे ते दिसत नाही आणि मागे वळणेही कठीण होते. कातळात खोदलेले पाण्याचे टाके, धान्याचे कोठार, चोरदरवाजा आणि कड्यावरची पायवाट एवढे जोडले की चार-पाच जागांचा नकाशा तयार होतो. गडाचे नाव काल्पनिक ठेवा, म्हणजे इतिहासाशी ताळमेळ घालण्याचा प्रश्न उरत नाही आणि तिथे गॉब्लिनही (या खेळातले बुटके, उपद्रवी जीव) सुखाने राहू शकतात.

नकाशात आत जायला किमान दोन वाटा असू द्या. एकच वाट असली की खेळणाऱ्यांना निवड उरत नाही, तुमच्या मनातल्या क्रमानेच त्यांना चालावे लागते. चोरदरवाजा शोधला तर टाक्यापाशी निघतो, महादरवाज्याने गेले तर पहारेकऱ्याशी गाठ पडते, आणि कड्याने चढायचे तर 15 चा फासा, एवढे तीन ओळींत लिहून ठेवले तरी तासभराचा खेळ त्यातून निघतो. प्रत्येक जागी तिथे कोण आहे आणि त्याला काय हवे आहे, हे लिहा. गॉब्लिनांच्या टोळीला पाणी हवे असेल आणि टाके कोणीतरी अडवून बसले असेल, तर त्यांच्याशी लढायचे की त्यांना मदत करायची, यावर बहीण-भावांत वाद होईल, आणि तो होऊ द्या. गावातून पळवलेली शेळी शोधायची किंवा वैद्याच्या मुलाला परत आणायचे, असे साधे उद्दिष्ट पहिल्या खेळाला पुरते.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. ज्या माहितीवाचून मोहीम पुढेच सरकत नाही, ती एकाच फाशाच्या मागे लपवू नका. चोरदरवाज्याचा पत्ता फासा पडला तरच कळणार असेल आणि फासा पडलाच नाही, तर सगळे एकमेकांकडे पाहत बसतात. तोच पत्ता गावातल्या गुराख्यालाही माहीत असू द्या, आणि टाक्यातून वाहणाऱ्या पाण्याच्या मागावरूनही तो काढता येऊ द्या.

वीसपैलू

गडाची कल्पना फार चांगली आहे. भाचीच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तो प्रश्न योग्य आहे.

पहिल्या लेव्हलची पात्रे खरोखर नाजूक असतात. 2014 च्या नियमांतला साधा गॉब्लिन एका वारात 3 ते 8 इजा करतो, आणि पहिल्या लेव्हलच्या विझर्डजवळ अनेकदा 7 किंवा 8 हिट पॉइंटच असतात, त्यामुळे एखादा नेमका वार त्याला आडवा करू शकतो. पण शून्यावर आलेले पात्र सहसा लगेच मरत नाही. ते बेशुद्ध पडते आणि आपल्या प्रत्येक पाळीला एक फासा टाकते. 10 किंवा अधिक पडले तर यश, कमी पडले तर अपयश, आणि मृत्यू येतो तो तीन अपयशे झाल्यावर. तेवढ्यात कोणीही जवळ जाऊन मलमपट्टी केली किंवा क्लेरिकने (बरे करणारे मंत्र जाणणाऱ्या पुजारी पात्राने) मंत्र टाकला तर ते वाचते. मुलांना हे आधीच सांगा, म्हणजे बहीण पडली की भाऊ लढाई सोडून तिच्याकडे धावेल. शत्रूंची संख्या पात्रांपेक्षा कमी ठेवा, आणि निम्मे पडले की उरलेले पळून जातात असे ठरवून टाका. हरलेल्या पात्रांना मारण्याऐवजी टोळीने पकडून कोठारात कोंडले, तर पराभवातूनही पुढचा प्रसंग उभा राहतो.

खेळ सुरू करण्याआधी अर्धा तास नुसते बोलण्यासाठी राखून ठेवा. याला सेशन झीरो म्हणतात आणि घरच्या घरीही तो वगळू नये. काय चालेल आणि काय नको, हे प्रत्येकाला विचारा. भाचीला कोळी नको असतील, अंधाऱ्या विहिरी नको असतील, किंवा प्राण्यांना इजा झालेली पाहवत नसेल, तर ते गडावर नसतील. टेबलाच्या मध्ये एक्स लिहिलेले एक कार्ड ठेवण्याची पद्धतही पुष्कळ ठिकाणी आहे. कोणीही त्याला हात लावला की चालू असलेला प्रसंग कारण न विचारता बदलायचा. तिचे पात्र मेले तर काय, हेही तिलाच विचारा. पात्र मरू नये असे ती म्हणाली तर तसे सर्वांनी मिळून ठरवून घ्या, आणि जखमेची किंमत दुसऱ्या कशात तरी मोजायला लावा: तलवार हरवेल, पाय लंगडेल किंवा टोळीला दिलेला शब्द पाळावा लागेल.

दोन ते तीन तासांपेक्षा जास्त वेळ एका बैठकीत खेळू नका, मध्ये फराळाची सुट्टी ठेवा, आणि पात्रांचे कागद पेन्सिलनेच भरा, कारण हिट पॉइंट सतत खोडून लिहावे लागतात.