पाणबुडीत वाफेचं इंजिन??

प्रश्न: फ्रेंच नेव्हीच्या प्लुव्हिओज क्लासच्या पाणबुड्या वाफेवर चालायच्या म्हणे, खरंय का? पाण्याखाली बॉयलर कसा पेटवणार राव?

दर्यावर्दी: पाण्याखाली नाही हो, वर असताना वाफ आणि बुडी मारली की बॅटरी नि इलेक्ट्रिक मोटर, पण त्याआधी बॉयलर विझवा, धुराडं बंद करा, आणि आतली गरमी तशीच, भट्टीच ती

खेकडा: फ्रेंच इंजिनिअर लोबफचं डिझाइन, १८ बांधल्या. पुढच्या ब्र्युमेर क्लासला डिझेल दिलं, सुटले बिचारे

दर्यावर्दी: खुद्द प्लुव्हिओज मे १९१० मधे फ्रान्सच्या कॅले बंदराजवळ वर येताना प्रवासी बोटीखाली आली, २७ जण गेले. नाव फ्रेंच राज्यक्रांतीच्या कॅलेंडरातल्या पावसाच्या महिन्याचं, म्हणजे आपली श्रावणीच!

प्रश्नकर्ता: बापरे. धन्यवाद दादा