मदत हवी आहे: शिवणाच्या खोलीतले दोरे आणि चिंध्या कशा आवरू? घरात तान्हं बाळ आहे

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. 22 वर्षं झाली. घर दोन खोल्यांचं, त्यातली बाहेरची खोली म्हणजेच माझं दुकान. एक पायमशीन, एक इंटरलॉक म्हणजे कापडाची कड कापत शिवणारं मशीन, आणि कापायचं काम जमिनीवर. दोऱ्यांचं मी कधी फारसं मनावर घेतलं नव्हतं. रात्री केरसुणी फिरवली की झालं.

मुलगी बाळंतपणाला आली आहे. नातू आता 4 महिन्यांचा. गेल्या आठवड्यात तो दुपारभर रडत होता, दूध घेईना. पोट दुखत असेल म्हणून हिंग लावून पाहिला. शेवटी मोजा काढला तर उजव्या पायाचं मधलं बोट लालभडक, टम्म सुजलेलं. दोरा दिसतसुद्धा नव्हता, बोटाभोवती नुसती एक खाच होती, त्यात तो रुतला होता. डॉक्टरांनी भिंग लावून कापून काढला. म्हणाले, आईच्या गळणाऱ्या केसाने नाहीतर सुट्या दोऱ्याने बाळांना असं होतं, आणखी उशीर झाला असता तर बोटाला रक्त पोचलं नसतं. तो दोरा डाळिंबी होता. आदल्या दिवशी मी ज्या ब्लाउजला इंटरलॉक मारलं होतं, त्याचाच.

बोट आता बरं आहे. माझं मन मात्र थाऱ्यावर नाही. काम बंद करणं परवडणारं नाही, लग्नसराई तोंडावर आली आहे.

मुख्य अडचण दोऱ्यांची. इंटरलॉक कापडाची कड कापत जातं, ती बारीक कातरण आणि दोऱ्याची साखळी थेट खाली पडते. पंखा लावला की पार स्वयंपाकघरात जाते. ओलं फडकं, केरसुणी, सगळं करते, तरी सतरंजीत अडकलेले दोरे निघत नाहीत.

दुसरी अडचण चिंध्यांची. गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड मी ब्लाउजलाच टाचून परत देते, पण हातभर नसलेले तुकडे राहतातच. पूर्वी गल्लीतल्या एक आजी ते वाकळीसाठी न्यायच्या. आता त्यांना दिसत नाही, आणि माझ्याकडे तीन पोती साठली आहेत. शेजारीण म्हणते, बंबात घाल. खणाचे, सुती काठाचे तुकडे बंबात घालायला माझा हात धजत नाही. कुणी घरात शिवत असाल तर तुम्ही काय करता ते सांगा.

प्रतिसाद

ताई, बाळ बरं आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. माझं टेलरिंगचं दुकान आहे, तिथलं सांगतो.

दोरा जमिनीवर पडल्यावर गोळा करू नका, पडूच देऊ नका. इंटरलॉकच्या पुढे, जिथून कातरण पडते तिथे टेबलाच्या कडेला एक पिशवी चिकटपट्टीने लावा, तोंड उघडं राहील अशी. निम्म्याहून जास्त कातरण तिच्यातच जाते. सतरंजी काढून टाका. मशीनखाली फिकट रंगाची जुनी चादर अंथरा आणि संध्याकाळी चारी टोकं उचलून बोचकं करून बाहेर न्या. पण झटकू नका, बाहेर पडलेले दोरे पाखरांच्या पायात अडकतात.

साध्या मशीनवर एक सवय लावा. शिलाई सुरू करताना आधी एका चिंधीवर चार टाके घाला, तिला लागूनच कापड सरकवा. संपवताना पुन्हा चिंधीवर या आणि तिथे कापा. दर वेळी वीतभर दोरा ओढून तोडायचा प्रश्नच राहत नाही. रिळातला दोराही वाचतो, आणि सुरुवातीला खाली होणारा गुंता टळतो.

पायमशीनच्या मोठ्या चाकाच्या आसाशी एकदा बघा. तिथे दोरे गुंडाळून घट्ट कडं होतं आणि मशीन जड चालते. पट्टा उतरवून ते कडं ब्लेडने कापा, मग तेल द्या. तुटलेल्या सुईची टोकं चिंध्यांत कधीच टाकू नका, त्यांना झाकणाची डबी ठेवा.

प्रतिसाद

काकू, आधी बाळाच्या कपड्यांचं बघा. मोजे, टोपरं, झबलं उलटं करून आतले सुटे दोरे कापा. घरी शिवलेल्या झबल्याला आतून इंटरलॉकऐवजी दुमडून शिलाई घाला. आंघोळीच्या वेळी हातापायाची वीस बोटं रोज मोकळी करून पाहायची, आमच्याकडे हे नेमाने करतो.

चिंध्या बंबात नकोच. अस्तरात आणि साड्यांत पॉलिएस्टर असतं, ते वितळून ठिबकतं आणि धूर घशाला लागतो. ओळखायचं असेल तर एक धागा चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिएस्टरचा कडक मणी होतो.

पोती एका दिवसात उपसायला बसू नका. हाताच्या पंजाएवढा सुती तुकडा ठेवायचा. त्याहून लहान सुती तुकडे उशीत न भरता पायपुसण्याच्या आत घाला, उशीत त्यांचे गोळे होतात. अस्तराचे बारके तुकडे सुक्या कचऱ्यात द्या, मन घट्ट करून. खणाचे मात्र एकही टाकू नका, दोन बोटं रुंदीची पट्टीसुद्धा पिशवीच्या बंदाला चालते.

मूळ धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पिशवी लावली, चादर अंथरली, आज तिसरा दिवस. काल संध्याकाळी चादरीतून मूठभरच दोरे निघाले. चाकाच्या आसाशी खरंच कडं होतं, करंगळीएवढं जाड, त्यात कित्येक वर्षांपूर्वीचा पोपटी दोराही निघाला. मशीन आता हलकी चालते आहे.

एकच राहिलं. इंटरलॉकची कापसासारखी भुकटी पंख्याच्या पात्यावर बसते आणि तिथून पाळण्यावर पडते. पाळणा आतल्या खोलीत हलवला आहे, पण उन्हाळ्यात तिथे फार उकडेल. शिवताना पंखा न लावता कुणी काम करतं का? वारा खालून, मशीनच्या उलट दिशेने घेतला तर चालेल का?