मदत हवी आहे : आईला घेऊन अंब्रिया आणि सिएना, मुक्काम कुठे करावा?

नमस्कार.

सप्टेंबरच्या अखेरीस आईला घेऊन इटलीला जाण्याचे ठरवत आहे. रोमला उतरून फ्लॉरेन्सहून परतायचे आहे आणि मधले पूर्ण नऊ दिवस हातात आहेत. आई ७४ वर्षांची असून तीस वर्षे तिने शाळेत चित्रकला शिकवली. तिच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. सपाटीवर काठी घेऊन ती अर्धा तास सहज चालते, पण चढावर वरचेवर थांबावे लागते आणि पायऱ्या उतरताना अधिक त्रास होतो. डोंगरमाथ्यावर वसलेली मध्ययुगीन गावे तिच्या पायांना कितपत झेपतील, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिका आणून तिच्यापुढे ठेवल्या होत्या. त्या वाचून तिने बाजूला सारल्या आणि म्हणाली, "मला दहा गावं नकोत गं, मला भिंती बघायच्या आहेत." तिच्याकडे एक जुनी चित्रवही आहे. तीत एका मासिकातल्या कृष्णधवल छायाचित्रावरून तिने आसिसी गावातल्या 'पक्ष्यांना उपदेश करणारा संत फ्रान्सिस' या भित्तिचित्राची पेन्सिलने नक्कल केली आहे. झाडाची पाने अनेकदा खोडून पुन्हा काढल्याने तिथला कागद पातळ झाला आहे. मूळ चित्राचे रंग कसे असतील, याचा अंदाज ती शेजारी बारीक अक्षरांत लिहीत गेली. त्या भिंतीसमोर तिला निवांत तासभर बसता यावे, एवढ्यासाठी ही सारी आखणी आहे.

म्हणून आम्ही अंब्रिया प्रांतातली आसिसी आणि ओर्व्हिएतो, शिवाय आरेत्झो आणि सिएना ही चारच ठिकाणे निश्चित केली आहेत. आसिसीच्या संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकेचे (मोठ्या चर्चचे) बांधकाम १२२८ मध्ये सुरू झाले. तिथे एकावर एक अशी दोन चर्चे आहेत. वरच्या चर्चमध्ये फ्रान्सिसच्या चरित्रावरची २८ चित्रे आहेत. ती परंपरेने जोत्तो या चित्रकाराची मानली जातात, जरी त्यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. आईचे पक्ष्यांचे चित्र प्रवेशद्वाराच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर आहे, म्हणजे आत शिरल्यावर ते पाठीमागे राहते आणि घाईतला माणूस ते न पाहताच पुढे जाऊ शकतो. त्याच चर्चमधल्या चिमाबुए या चित्रकाराच्या चित्रांत शिशाचा पांढरा रंग काळाच्या ओघात काळा पडल्याने ती छायाचित्राच्या निगेटिव्हसारखी दिसतात. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात याच चर्चच्या छताचा काही भाग कोसळून चार माणसे दगावली आणि नंतर चित्रांचे हजारो तुकडे वेचून शक्य तेवढे पुन्हा जोडण्यात आले. ते जोडकाम पाहण्याची आईला चित्रांइतकीच ओढ आहे.

त्याला कारण अजिंठा. ती विद्यार्थ्यांना दर दोन वर्षांनी तिथे नेत असे. अजिंठ्यात रंग सुकलेल्या लेपावर दिले आहेत, तर इटलीतल्या खऱ्या फ्रेस्कोमध्ये ते ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर देतात आणि चुना सुकताना रंग त्यातच पक्का होतो. त्यामुळे चित्रकार एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावत असे. दोन दिवसांच्या कामामधली सांधेरेषा जवळून पाहिल्यास आजही ओळखता येते. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी लोरेन्झो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञाला बोलावले होते. तेव्हा लावलेले वार्निश पुढे पिवळसर पडले, हे आई विद्यार्थ्यांना न चुकता सांगत असे. त्या तज्ज्ञांच्या देशातल्या भिंती आता तिला स्वतः पाहायच्या आहेत.

ओर्व्हिएतो मला सर्वांत सोयीचे वाटते. स्टेशनासमोरून फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी चढावरची रेल्वे) थेट कड्यावर नेते, वरून कॅथेड्रलपर्यंत छोटी बस आहे आणि माथा बऱ्यापैकी सपाट आहे. कॅथेड्रलमधल्या सान ब्रित्सिओ चॅपेलमध्ये लुका सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ या काळात रंगवलेला जगाचा अंत आहे. तिथली सान पात्रित्सिओची विहीर प्रसिद्ध असली, तरी तिच्या २४८ पायऱ्यांमुळे ती आम्ही आधीच वगळली आहे. सिएनाच्या नगरभवनात आंब्रोजो लोरेंझेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेली चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची चित्रे आहेत; चांगल्या राज्यात लोक रस्त्यात नाचतात, गवंडी भिंत बांधतात, शेतकरी धान्य घेऊन शहरात येतात. १३४८ च्या प्लेगने ते शहर मोडून काढले आणि त्याच साथीत बहुधा लोरेंझेत्तीही गेला, हे आईने सांगितल्यापासून ते चित्र माझ्याही डोक्यातून जात नाही. शिवाय सिएना कॅथेड्रलची संगमरवरी चित्रफरशी एरवी बरीचशी झाकलेली असते आणि साधारणपणे ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पूर्ण उघडी ठेवतात. आमच्या तारखा त्यावरूनच ठरल्या. आरेत्झोला पिएरो देल्ला फ्रांचेस्का या चित्रकाराच्या भित्तिचित्रांसाठी एक दिवस पुरेल असे वाटते.

आता नेमकी अडचण सांगते. आसिसीचे स्टेशन खाली सांता मारिया देल्यी आंजेली इथे आहे आणि गाव वर डोंगरावर. बॅसिलिका गावाच्या पश्चिम टोकाला असल्याने तिच्या जवळच राहिलो, तर सकाळी गर्दीआधी आत जाता येईल, पण जेवायला मुख्य चौकात जायचे तर चढ आहे. दुसरा पर्याय जवळच्या पेरुजा शहराचा. तिथे सरकते जिने आणि मिनीमेट्रो आहेत, चौकात पिसानो या शिल्पकार पितापुत्रांचे कारंजे आहे आणि आसिसी रेल्वेने जवळ आहे. तरीही ज्या भिंतीसाठी एवढ्या लांब जायचे, तिच्यापासून वीस किलोमीटरवर झोपायचे हे मला पटत नाही. ज्यांनी वयस्कर माणसांसह आसिसीत मुक्काम केला आहे, त्यांनी चढाचा खरा अनुभव सांगावा. शिवाय ४ ऑक्टोबरला संत फ्रान्सिसचा सण असतो. त्याआधीच्या चार-पाच दिवसांत राहण्याच्या जागा आणि गर्दी यांची स्थिती कशी असते?

दुसरे म्हणजे प्रवास. आरेत्झोहून सिएनाला रेल्वेने जायचे तर वळसा पडतो. गाडी भाड्याने घ्यावी, तर उजव्या बाजूने चालवण्याचा मला अनुभव नाही आणि या जुन्या गावांत बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असलेले, कॅमेऱ्यांनी राखलेले भाग असतात. माझ्या एका परिचितांना परतल्यावर कित्येक महिन्यांनी घरी दंडाची पत्रे आली. एवढ्या एका टप्प्यासाठी चालकासह गाडी करणे हिशेबात बसते का?

तिसरा प्रश्न आईचा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आसिसीच्या बॅसिलिकेत छायाचित्रे काढू देत नाहीत, पण बाकावर बसून छोट्या वहीत पेन्सिलने रेखाटने केली तर हरकत घेतात का? ओर्व्हिएतोच्या चॅपेलमध्ये आणि सिएनाच्या त्या दालनात बसायला जागा आहे का, की घडीचे हलके स्टूल बरोबर न्यावे? ते आत नेऊ देतात का?

जेवणाची फार काळजी नाही. आई मांस-मासे-अंडी खात नाही, पण लसूण-टोमॅटोची पिची (जाडसर पास्ता) आणि भाजी-पावाचे दाट सूप तिला चालेल. चीजमधल्या रेनेटबद्दल (दूध घट्ट करायला वापरतात त्या, बहुधा वासराच्या जठरातून काढलेल्या द्रव्याबद्दल) मात्र ती विचारते; वनस्पतिजन्य रेनेटचे चीज तिकडच्या साध्या दुकानांत सहज मिळते का, हे कोणी सांगितले तर बरे होईल.

व्हिसाचा अर्ज करण्यापूर्वी राहण्याची आरक्षणे पक्की करायची आहेत, त्यामुळे आसिसी की पेरुजा याचे उत्तर आधी मिळाले तर फार मदत होईल. आपण राहिलेल्या ठिकाणापासून बॅसिलिकेपर्यंत किती पायऱ्या लागल्या, एवढे जरी आठवत असेल तरी कृपया लिहा.