शब्दचर्चा: 'प्रेशर बिल्डअप टेस्ट' आणि 'मल्टीफेज फ्लो'

प्रश्न: तेलविहिरींवरच्या एका लेखाचं मराठी करतेय. पहिल्यासाठी 'दाबवृद्धी चाचणी' आणि दुसऱ्यासाठी 'बहुस्तरीय प्रवाह' घेतलंय. चालेल का?

– 'वृद्धी' म्हटलं की मुळात होता त्याहून जास्त दाब झाला असं वाटतं. इथे वाहती विहीर बंद करतात आणि तळाशी उतरलेला दाब भोवतालच्या खडकातल्या दाबाकडे परत चढत जातो. मी 'दाब-चढ चाचणी' लिहीन.

– अपवाद आहे बरं का! बंद विहिरीत वायूचे बुडबुडे वर जातात, त्यांना फुगायला जागा नसते, आणि तळाचा दाब कधी कधी खडकातल्या दाबाच्याही वर जाऊन मग खाली येतो. आलेखावर चक्क कुबड दिसतं. तरीही 'दाब-चढ'ला माझं मत.

– 'बहुस्तरीय' मात्र काढाच. 'मुंबई हाय'चा एल-३ हा चुनखडक खरोखरच अनेक थरांचा आहे. तिथल्या विहिरीबद्दल असं लिहिलंत तर वाचणारा वेगवेगळ्या थरांतून येणारं तेल समजेल. तुम्हाला म्हणायचंय की तेल, पाणी, वायू एकाच खडकाच्या छिद्रांतून एकत्र वाहतात. 'बहु-अवस्था'ही नको, तेल आणि पाणी दोन्ही द्रवच, अवस्था एकच. परिभाषेतला शब्द 'प्रावस्था' (इतरांत न मिसळता वेगळा राहणारा भाग), म्हणून 'बहुप्रावस्था प्रवाह'. जड वाटला तर सरळ 'तेल-पाणी-वायूचा एकत्र प्रवाह' लिहा.

प्रश्न: पुढे 'या चाचणीतून खडकाची पार्यता मिळते' असं वाक्य आहे (पार्यता म्हणजे खडकातून प्रवाही किती सहज वाहू शकतात त्याचं माप). ते तरी ठीक?

– एकटं तेल वाहत असेल तर ठीक. हॉर्नरच्या १९५१च्या पद्धतीत दाब आणि काळाच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम यांचा आलेख काढतात. सरळ रेषेचा उतार, उत्पादनाचा दर, थराची जाडी आणि तेलाची श्यानता (चिकटपणा) यांवरून पार्यता निघते. तिन्ही प्रवाही असले की उतारातून मिळते ती 'एकूण गतिशीलता', म्हणजे प्रत्येकाची पार्यता भागिले त्याची श्यानता, या तिन्हींची बेरीज. ही मांडणी पेरिनची, १९५६ची. प्रत्येकाचा दर वेगळा घातला तर त्याची 'प्रभावी पार्यता' कळते, म्हणजे बाकीचे दोघे सोबत असताना खडक त्याला किती वाट देतो ते. खडकाची मूळ पार्यता हवी असेल तर सापेक्ष पार्यतेचे (प्रभावी पार्यता भागिले मूळ पार्यता) आलेख लागतात. शिवाय संपृक्तता (छिद्रांतलं तेल, पाणी, वायू यांचं प्रमाण) सगळीकडे जवळपास सारखी आहे असं यात धरलेलं असतं. विहिरीजवळ दाब बुडबुडा-बिंदूच्या खाली गेला की तेलातला वायू तिथेच सुटतो, तेलाची वाट अडते, आणि हे गृहीतक लंगडं पडतं. तुमच्या वाक्यात 'पार्यता'च्या जागी 'एकूण गतिशीलता' घाला, 'खडकाची' काढून टाका.