मेसचा दर वाढवला, मेंबर तुटले नाहीत, म्हणजे पोरांना परवडतंय असं धरायचं का?

विश्रामबागवाली:
सांगलीत विश्रामबागेत आमची मेस आहे. आई चालवते, हिशेब मी बघते, धाकटा भाऊ बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. 1 ऑगस्ट 2025 पासून महिन्याचा दर 3000 वरून 3450 केला. दोन वेळचं जेवण, महिन्याला 60 ताटं, म्हणजे 50 चं ताट साडेसत्तावन्नला गेलं. तेल डाळ गॅस सगळंच वाढलंय, आईनं दीड वर्ष कळ काढली होती, त्यामुळं वाढवलं यात माझं काही म्हणणं नाही. जुलैत 60 मेंबर होते, ऑगस्टच्या शेवटी 57 राहिले. भावानं लगेच पेन घेतला, दर 15 टक्के वाढला, मेंबर 5 टक्के कमी झाले, 5 भागिले 15, लवचिकता 0.33, एकच्या खाली, म्हणजे दर जेवढ्या टक्क्यांनी वाढला त्यापेक्षा कमी टक्क्यांनी गिऱ्हाईक घटलं, मागणी ताठर, 1,80,000 चे 1,96,650 झाले, दिवाळीनंतर अजून 300 वाढवू, कोण कुठं जात नाही.

मला हे पटत नाही. मी खाड्याची वही काढून बसले. आमच्याकडं जेवायला येणार नसाल तर आदल्या रात्री सांगायचं, तेवढ्या ताटांचे पैसे वजा होतात. जुलैत सगळ्यांचे मिळून 200 खाडे होते, ऑगस्टात 500. जतकडचा एक पोरगा आहे, शुक्रवारी रात्री ताट ठेवताना आईला म्हणाला, काकू शनिवार रविवार खाडा लावा, गावाला चाललोय. शनिवारी रात्री मी औषध आणायला बाहेर पडले तर तो वडापावच्या गाड्यावर उभा. मला बघितलं आणि हातातला पाव कागदात गुंडाळून पाठ फिरवून उभा राहिला. भावाच्या हिशेबात हा टिकलेला मेंबर आहे.

म्हणून मी म्हणते डोकी मोजू नका, ताटं मोजा. जुलैत 3600 वजा 200, म्हणजे 3400 ताटं, 1,70,000 रुपये. ऑगस्टात 3420 वजा 500, म्हणजे 2920 ताटं, 1,67,900 रुपये. दर वाढवून जमा 2100 नं कमीच झाली. मग ही मागणी ताठर कशी?

यार्डातला_अडत्या:
ताई, तुमचा भाऊ बरोबर आहे असं मला वाटतंय. जमा 2100 नं घटली पण 480 ताटांचा शिधा वाचला की नाही? ताटामागं 30 रुपये जरी धरले तरी 14,400 वाचले. धंदा जमेवर नाही चालत, नफ्यावर चालतो. आणि भाव वाढला की माणूस थोडं कमी घेणारच, तो मागणीचा नियमच आहे, त्यात अन्याय झाला असं काय नाही. आमच्या यार्डात हळदीचं बघा, भाव कितीही चढू दे, घरात वर्षाला किलो-दीड किलोच लागते, महाग झाली म्हणून कुणी आमटी पांढरी करून खात नाही. जेवणाचं पण तसंच आहे, पोटाला लागतं ते लागतंच. तुम्ही भीतीपोटी दर धरून बसला तर पुढच्या वर्षी मेस बंद करायची पाळी येईल आणि त्या जतच्या पोराला वडापाव सोडून काहीच उरणार नाही.

विश्रामबागवाली:
दादा, नफा वाढला हे मान्य. पण हळद आणि जेवण एका तराजूत घालू नका. हळदीवर घराचा जेवढा पैसा जातो त्याची कुणी नोंद पण ठेवत नाही, ती दुप्पट झाली तरी बजेट हलत नाही. ज्या पोराला घरून महिन्याला सहा हजार येतात त्याचे 3450 आमच्याकडंच जातात, निम्म्याहून जास्त, त्याला 450 ची वाढ पहिल्याच दिवशी टोचते. आणि पोटाला लागतंच म्हणता, बरोबर, पण पोटाला आमचंच ताट लागतं असं कुठाय? गाडा आहे, खोलीत इंडक्शनवर मॅगी आहे, भडंग आहे. जेवणाची मागणी ताठर असेल, आमच्या मेसची नाही.

सातारी_मास्तर:
मी साताऱ्यात बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. शेवटचं वाक्य तुम्ही अगदी नेमकं लिहिलंत, वस्तू जितकी मोठ्या गटात धराल तितकी मागणी ताठर दिसते आणि एका दुकानापुरती धराल तितकी लवचिक. मिठाची मागणी ताठर, पण एकाच दुकानातल्या मिठाची नाही. ही लवचिकतेची कल्पना नीट मांडली ती अल्फ्रेड मार्शलनं, 1890 च्या त्याच्या पुस्तकात. पर्याय आहे का, खर्चात वाटा केवढा, वेळ किती मिळाला, हीच चर्चा आजही वर्गात करतो आम्ही.

पण तुमच्या हिशेबात दोन गोष्टी राहिल्यात. पहिली, भावाच्या पद्धतीनं ताटांची लवचिकता काढली तर 14.1 भागिले 15, म्हणजे 0.94 येते, एकच्या खाली, तरीही जमा घटलीये, हे कसं काय? बदल मोठा असला की जुन्या आकड्यावर टक्के काढून चालत नाही, दोन आकड्यांच्या सरासरीवर काढायचे. 480 भागिले 3160, ते 15.2 टक्के. साडेसात भागिले 53.75, ते 13.95 टक्के. लवचिकता 1.09. आता जुळलं, एकच्या वर म्हणून जमा कमी. माझी पोरं परीक्षेत इथंच घसरतात.

दुसरी जास्त मोठी. जुलै आणि ऑगस्टची तुलनाच कशी करता? मागणीच्या नियमाआधी आपण 'इतर परिस्थिती कायम असताना' असं म्हणतो ते उगाच नाही. ऑगस्टात राखी, पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी, श्रावणाचे उपवास, पोरं गावाला जाणारच. श्रावणात चिकनवाल्याचं गिऱ्हाईक तुटतं ते दरामुळं नाही, मागणीचा वक्रच डावीकडं सरकतो, म्हणजे दर तोच असला तरी मागणी घटते. तुम्ही वक्र सरकल्याचा दोष दरवाढीला देताय का ते आधी बघा.

विश्रामबागवाली:
सर, रात्री जुनी वही शोधली, पिठाच्या डब्यामागं सापडली. गेल्या ऑगस्टात 290 खाडे होते आणि मेंबर तेव्हाही साठच. म्हणजे दर वाढवला नसता तर 3310 ताटं धरायची, 1,65,500. आता आलेत 1,67,900. तुमच्या पद्धतीनं काढलं तर 0.9. जमा 2400 नं वाढली असंच म्हणायला लागेल. माझं पहिलं गणित चुकलं होतं.

धाकटा_हिशेबनीस:
मी तोच भाऊ. ताई, अजून एक. यंदा गणपती 27 ऑगस्टला बसले, गेल्या वर्षी 7 सप्टेंबरला होते. शेवटचे पाच दिवस बरीच ताटं रिकामी होती, आई म्हणाली पण होती भात उरतोय. ते खाडे पण तू दरवाढीच्या नावावर टाकणार का? मी पोरांच्या वाईटावर नाहीये, पण आई पहाटे पाचला उठते आणि रात्री अकराला ओटा पुसते, तिच्या कष्टाचा दर कोण वाढवणार? 0.9 असो नाहीतर 0.33, एकच्या खाली आहे ना, मग वाढवण्यात चूक काय?

कोयनाकाठची:
मी कराडची, रोज साताऱ्याला नोकरीला जाते. एसटीनं जानेवारी 2025 मध्ये भाडं 14.95 टक्के वाढवलं, तुमच्या मेसच्या वाढीएवढंच जवळजवळ. मला मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळं वाढ होऊन पण एसटी मला वडापच्या जीपपेक्षा स्वस्तच पडते, मी हलले नाही. आमच्या ह्यांना पूर्ण तिकीट. पहिल्या महिन्यात ते पण एसटीनंच गेले, दुसऱ्या महिन्यात पण गेले, कुणी बघितलं असतं तर म्हणाला असता ह्यांची मागणी ताठर. तिसऱ्या महिन्यात ऑफिसातल्या एकाशी ठरलं, त्याची गाडी, पेट्रोल निम्मं निम्मं, तेव्हापासून हे एसटीत पाय ठेवत नाहीत. पर्याय शोधायला वेळ लागतो. एका महिन्याच्या वहीवरून तुमच्या भावानं दिवाळीची वाढ ठरवू नये, पोरांच्या खोल्यांची भाडी, डिपॉझिट, मित्र सगळं तिथंच आहे, ते जूनला बदलतील, नवीन वर्षाला दुसऱ्या गल्लीत खोली घेतील आणि जाताना मेस पण बदलतील.

पलूसचा_बागायतदार:
तुमी सगळी विकणाऱ्याच्या हातात दर आहे असं धरून बोलायलाय, आमच्या हातात कुठं असतोय? ताठर मागणी आमच्या मुळावर येती. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरच्या वर गेला, पेपरात रोज फोटो, म्हणून लोकांनी लावला, मी पण अर्धा एकर लावला. माझा माल निघाला सप्टेंबरात, तवर सगळ्यांचाच निघालेला. भाव पडला म्हणून काय घरातली बाई आमटीत दोनाच्या जागी सहा टोमॅटो टाकत नाही. माल थोडा जास्त आला की भाव लई पडतो ते ह्यामुळं. शेवटच्या तोड्याला क्रेटमागं तोडणीची मजुरी पण निघाली नाही, बांधावर ओतला, आठ दिवस वास येत होता घरापर्यंत. मास्तर, पुस्तकात ताठर मागणी म्हंजे विकणाऱ्याचा फायदा असं लिवता, ते भाव वाढताना. पडताना तीच ताठर मागणी शेतकऱ्याला खाती.

सातारी_मास्तर:
दादा, बरोबर आहे, मी वर्गात दरवाढीच्या बाजूनं जास्त बोलतो. ताठर मागणीत दर पडला तर जमा पण पडते, तीच गोष्ट आहे, आणि टोमॅटोसारखा नाशवंत माल ठेवता येत नाही म्हणून ती जास्त जोरात बसते. तुमचं उदाहरण मी पुढच्या तासाला सांगणार.

विश्रामबागवाली:
आमच्या आईनं त्या जुलैत महिनाभर आमसूल घालून आमटी केली होती, एकाही मेंबरनं विचारलं नाही टोमॅटो कुठाय, आणि सप्टेंबरात स्वस्त झाला तेव्हा परत आधी घालायची तेवढाच घातला. तुमच्या बांधावरचं वाचून तेच डोळ्यासमोर आलं.

बाळा, तुझं गणपतीचं बरोबर. 27 ते 31 मधले 110 खाडे निघतात. 500 तून ते काढले, गेल्या वर्षीचे 290 काढले, उरले 100. आता हे 100 कुणाचे ते नावानिशी बघितले. 45 पोरांच्या वहीत गेल्या वर्षीपेक्षा काही फरक नाही. हे 100 खाडे फक्त 12 जणांचे आहेत, बहुतेकांचे आठ-आठ, दोन शनिवार-रविवारची ताटं. तू 0.9 म्हण नाहीतर अजून कमी म्हण, ती सरासरी आहे. 45 जणांची मागणी खरंच ताठर आहे, त्यांना दिवाळीनंतरचे 300 पण जाणवणार नाहीत. आणि 12 जण असे आहेत की ते प्रत्येक वाढीला एक-एक ताट सोडत जाणार, मेस सोडणार नाहीत कारण आई उधारीवर जेवायला घालते. तुझ्या भागाकारात ही बारा पोरं दिसतच नाहीत.

आईच्या कष्टाचं म्हणालास, ते मला पण कळतं. पण आईनंच काल विचारलं, ती पोरं शनिवारी काय खातात गं?

यार्डातला_अडत्या:
मग बारा जणांना वेगळा दर लावा की. उगाच सगळ्यांचा दर का धरायचा?

विश्रामबागवाली:
तेच डोक्यात आहे दादा. एक वेळचं कार्ड काढायचं, रात्रीचं जेवण, 30 ताटं, 1800. दुपारी कॉलेजात काहीतरी खातात, रात्री तरी पोटभर होईल. दोन वेळचं दिवाळीनंतर 3600, वर तुझे सगळे 300 नाही बाळा, 150.

धाकटा_हिशेबनीस:
ताई, 60 ताटांना 3600 म्हणजे ताट 60 चं, तुझं एक वेळचं कार्ड पण 60 चंच. मग ज्या 45 जणांना परवडतंय त्यातले पण निम्मे एक वेळवर येणार, नुसती रात्रीची गर्दी वाढणार आणि दुपारी पोळीवाल्या मावशी बसून. एक वेळचं 1950 कर, म्हणजे ताट 65 ला पडेल आणि ज्याला दोन वेळ लागतं तो दोन वेळवरच राहील.

विश्रामबागवाली:
मग त्या बारा जणांचं ताटच महाग झालं की रे.

कोयनाकाठची:
कार्ड छापायच्या आधी त्या बारा पोरांना विचारा तरी ताई.

विश्रामबागवाली:
सोमवारी रात्री आई विचारणार आहे, एकेकाला, वाढताना. सगळ्यांसमोर नाही.