ती सागवानी बॉडी उतरवू नका
वर सुचवलंय की साताऱ्यातल्या त्या डिस्पोजलच्या जीपवरची सागवानी बॉडी काढून तिला पुन्हा लष्करी रूप द्यावं. मला हे अजिबात पटत नाही. १९४५ नंतर लष्कराने डिस्पोजलमध्ये म्हणजे विकायला काढलेल्या गाड्यांवर सुतार आणि पत्रेवाल्यांनी हाताने बांधलेली बॉडी हाही इतिहासच आहे. लष्करी टब, म्हणजे जीपची मूळ पत्र्याची उघडी बॉडी, आजही नवा मिळतो. ही बॉडी पुन्हा कोण बांधणार?

मूळ जीप विलीस कंपनीची की फोर्डची, हे बॉडी न उतरवताही कळतं. रेडिएटरच्या खाली चॅसीच्या दोन पट्ट्यांना जोडणारा पुढचा आडवा दांडा बघा. गोल नळी असेल तर विलीस, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्ड. फोर्डच्या बोल्टांच्या डोक्यावर बारीक एफही उठवलेला असतो.

खरी काळजी लाकडाची. आपल्याकडच्या घाटमाथ्याच्या पावसात दाराच्या खालच्या चौकटीत पाणी साचतं आणि सागसुद्धा तिथूनच कुजायला लागतो. लाकडावरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लोखंडी स्क्रू मारले असतील तर भोवती पांढरी भुकटी धरते, तिथे खरवडून बघा. कुजलेला तेवढाच तुकडा कापून सागाचाच सांधा मारा. आणि रंगाआधी दाराखालची पाणी जायची भोकं मोकळी करून घ्या, जुन्या पुट्टीने ती बुजलेली असू शकतात.