अक्कलदाढ काढताना गुंगीचे औषध घ्यावे का?

प्रश्न (नाशिकरोडकर): माझ्या ६१ वर्षांच्या आईची खालची, हाडात आडवी अडकलेली अक्कलदाढ काढायची आहे. कॉलेज रोडवरील दवाखान्यात दाढ बधिर करण्याच्या इंजेक्शनसोबत शिरेतून मिडाझोलाम हे गुंगीचे औषध देऊ, असे डॉक्टर म्हणाले. आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि ती जोरात घोरते. ही पूर्ण भूल असते का? आधी काय विचारावे?

उत्तर (भूलतज्ज्ञ, पंचवटी): ही पूर्ण भूल नव्हे. मिडाझोलामने भीती जाते, पेंग येते आणि त्या वेळचे बरेचसे नंतर आठवत नाही. वेदना मात्र दाढ बधिर करणारे लिग्नोकेनच थांबवते. "आ करा" म्हटल्यावर आईंनी तोंड उघडले पाहिजे. तेवढाही प्रतिसाद मिळेनासा झाला, तर गुंगी ठरवल्यापेक्षा खोल गेली असे समजतात. मला रक्तदाबापेक्षा घोरण्याची काळजी अधिक वाटते, कारण गुंगीत जीभ व घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाच्या त्याच वाटेवर डॉक्टरांचे हात, ड्रिलचे पाणी आणि रक्त असते. झोपेत श्वास अडकून त्या दचकून उठतात का, हे आवर्जून सांगा. नळीने ऑक्सिजन चालू असताना श्वास मंदावल्याचे पल्स ऑक्सिमीटरवर उशिरा कळते; म्हणून कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र) आहे का आणि केवळ श्वासावर लक्ष ठेवणारी वेगळी व्यक्ती असेल का, हे विचारा. उतारा म्हणून फ्लुमाझेनिल असते, पण त्याचा अंमल आधी ओसरून पुन्हा गुंगी येऊ शकते, त्यामुळे ते दिल्यावर लगेच घरी सोडत नाहीत.

उत्तर (दंतवैद्य, सिडको): भीती बेताचीच असेल, तर नायट्रस ऑक्साइड या हुंगायच्या गुंगीच्या वायूचाही विचार करावा, तो फुप्फुसांवाटे लवकर बाहेर पडतो. अर्थात ती सोय सगळीकडे नसते. आपल्याकडील नेहमीच्या लिग्नोकेनमध्ये १:८०,००० प्रमाणात अॅड्रेनालिन असते आणि त्याने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून त्या दिवशीचा रक्तदाब मोजूनच इंजेक्शनची मात्रा ठरवावी.

नाशिकरोडकर: आभारी आहे. उपाशीपोटी न्यायचे का? आणि गोळीचे काय?

भूलतज्ज्ञ, पंचवटी: साधारणपणे हलके खाणे ६ तास आणि साधे पाणी २ तास आधी थांबवतात. चहात दूध असल्याने तो पाण्यात मोजू नका. गोळी स्वतःहून बंद करू नका. सकाळची घ्यायची का, ते डॉक्टरांना नावानिशी विचारा. परतताना त्यांना रिक्षात एकटे बसवू नका, आणि २४ तास गाडी चालवणे व कागदपत्रांवर सही करणे टाळा.